रावेरकडचं जुनं घर पाडतोय. निघालेल्या काँक्रीटचं काय करू?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात, तापीपासून जवळच आमचं जुनं घर आहे. पुढचा भाग धाब्याचा: मातीच्या जाड भिंती, सागाचा कडीपाट, वर माती. मागचा भाग वडिलांनी ८०च्या दशकात आरसीसीमध्ये वाढवला. आठ कॉलम, वर हजारेक चौरस फुटांचा स्लॅब. आता स्लॅबच्या खालच्या बाजूने सळ्या दिसतात आणि पावसाळ्यात दोन खोल्या गळतात. दिवाळीनंतर सगळंच पाडून नवीन बांधायचं ठरलंय.

पाडणाऱ्याशी बोलणं झालं. लोखंड-लाकूड त्याचं, मलबाही तोच उचलणार. कुठे टाकणार विचारलं तर म्हणाला, "ते तुम्ही नका पाहू." आता न पाहायला काही उरलंय का? गावाच्या नाल्याला दोन्ही अंगांनी राडारोड्याचे ढीग आहेत, त्यावर वेड्या बाभळी माजल्यात. गेल्या पावसाळ्यात नाल्याने वाट बदलली आणि थेट शेजारच्यांच्या कपाशीतून वाहिला. त्या ढिगात आपल्या घराची भर नको असं मनापासून वाटतं.

जुन्या काँक्रीटची खडी करून पुन्हा वापरतात असं वाचलं होतं. ती आपल्या नव्या घरात वापरता येईल का, की शेताच्या रस्त्यात घालावी? आणि आपल्याकडे हे करून देणारं कोणी आहे का, की हे सगळं पुण्या-मुंबईपुरतंच? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा. भाऊ सध्या "काय तो मलबा घेऊन बसलास" म्हणून रोज टोमणे मारतोय, तेवढं तरी तोंड बंद होईल.

शेवभाजी

भो, तुन्हं घर पाडाले मी येस, पन वांगानं भरीत आनि कळण्यानी भाकर जोयजे!

बाकी विषय चांगला आहे. वाचतोय.

पोकलेनवाला

दादा, याच धंद्यात आहे, म्हणून सरळ सांगतो. राग मानू नका.

पाडकामात पैसा लोखंडात असतो. स्लॅब खाली आला की पोरं घण घेऊन बसतात, काँक्रीट फोडून सळई मोकळी करतात, ठोकून सरळ करतात आणि ती वजनावर जाते. आपल्या भागातलं बरंच भंगार पुढे जालन्याच्या स्टील कारखान्यांकडे जातं. सागाच्या चौकटी, तुळया, कडीपाट यांचं गिऱ्हाईक वेगळं, आणि पैसेही बरे देतं. मातीत बांधलेली वीट अख्खी निघते, ती विकली जाते. सिमेंटमध्ये बांधलेली निघताना फुटते. हे सगळं गेल्यावर जे उरतं तो मलबा, आणि तो उचलायचं डिझेल आमच्या खिशातून. म्हणून जो जवळचा नाला तोच आमचा डेपो. चूक आहे, पण हिशेब असा आहे.

तुम्हाला खडी करायची असेल तर बोलणं पाडायच्या आधी करा. घाईचं काम असलं की आम्ही पोकलेनने वरून खाली ओरबाडतो. स्लॅब, वीट, गिलावा, फरशी, संडासाच्या टाइल्स, धाब्याची माती, सगळं एका ढिगात. त्यातून काँक्रीट निवडायला जी मजुरी जाते तेवढ्यात क्रशरवरून नवी खडी दारात येऊन पडते. आधी ठरलं असेल तर आम्ही उलटं करतो. दारं-खिडक्या, वायरिंग, पाइप, पीओपी काढून घेतो. मग धाबं उतरवतो, माती एका बाजूला, लाकूड एका बाजूला. मग मागच्या विटांच्या भिंती. शेवटी नुसता सांगाडा उभा राहतो, त्यातून जे पडेल ते निव्वळ काँक्रीट. वेळ जास्त लागतो, त्याचे पैसे पडतात. आधी बोललात तर लोखंडाच्या भावात वळते करून देतो.

क्रशरचं म्हणाल तर आपल्या भागातला खडी क्रशरवाला मलबा सहसा दारात उभा करत नाही. काँक्रीटमध्ये वीतभर सळई जरी राहिली तरी ती जबड्यातून सुटून पुढे बेल्टवर जाते आणि बेल्ट उभा चिरते. त्या बेल्टच्या किमतीत तुमचं सगळं काँक्रीट दोनदा येईल. मोठ्या शहरांतल्या प्लांटवर बेल्टच्या वर लोहचुंबक बसवलेला असतो, तो सळ्या ओढून घेतो. इथे ते काम घणवाल्या पोरांचं.

भुसावळी अभियंता

पोकलेनवाल्या भाऊंनी क्रम बरोबर सांगितला, पण एक धोक्याची खूण करतो. "मग मागच्या विटांच्या भिंती, शेवटी सांगाडा" हे तेव्हाच करा जेव्हा त्या भिंतींवर स्लॅबचा भार नाही याची खात्री असेल. ८०च्या दशकात आपल्याकडे अर्धी घरं मिश्र बांधली गेली. समोर कॉलम दिसतात आणि मागच्या बाजूला स्लॅब सरळ नऊ इंची भिंतीवर टेकवलेला असतो. अशी भिंत आधी काढली तर स्लॅब माणसांवर येतो. एखाद्या स्ट्रक्चरलवाल्याला तासभर घरी फिरवा, मगच हात लावा.

आता मूळ प्रश्न. तुमच्या स्लॅबचा एखादा पडलेला पोपडा उचलून फोडून बघा. आत काळी बेसाल्टची खडी, तिच्याभोवती सिमेंट-वाळूचा राखाडी मसाला, आणि तापीची वाळू वापरलेली असेल तर मसाल्यात बारीक पांढऱ्या शंखांचे तुकडेही दिसू शकतील. क्रशरमध्ये घातल्यावर यातली दगडी खडी बहुतेक शाबूत राहते, पण तिच्या अंगाला जुना मसाला चिकटलेला असतो. सगळी भानगड या मसाल्याची आहे. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. आपला बेसाल्ट साधारण एक-दोन टक्क्यांच्या आत पाणी शोषतो, हीच खडी चार, सहा, कधी आठ टक्के. मिक्सरमध्ये कोरडी टाकलीत तर तुमचं मोजून घातलेलं पाणी ती पिऊन टाकते. काँक्रीट घट्ट होतं, गवंडी पाइप उचलतो आणि वरून पाणी मारतो, आणि ताकदीचे बारा वाजतात. म्हणून ही खडी आदल्या दिवशी भिजवून, अंगावरचं पाणी निथळू देऊन वापरायची.

भारतीय मानकात याला जागा आहे. आयएस ३८३ ची २०१६ ची आवृत्ती निव्वळ काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि आरसीसीमध्ये २० टक्क्यांपर्यंत चालवते, तेही एम-२५ (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) पर्यंतच. एम-१५ च्या खालच्या लीन काँक्रीटमध्ये, म्हणजे आपण फूटिंगखाली (कॉलमच्या पायाखाली) जो पीसीसीचा थर घालतो त्यात, १०० टक्के चालते. वीट-मसाला मिसळलेल्या मलब्याची खडी असेल तर ती फक्त या लीन कामालाच. पाणी शोषण्याची मर्यादा ५ टक्के आहे. भिजवून वापरणार असाल तर १० पर्यंत सूट मिळते.

घरी करून बघण्यासारखं: खडीच्या आकाराचे तुकडे कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, भाजीच्या काट्यावर ५ किलो मोजा, चोवीस तास पाण्यात बुडवा, फडक्याने अंग पुसून पुन्हा मोजा. ५ किलो ३०० ग्रॅम भरले तर ६ टक्के. लॅबमध्ये ओव्हनने वाळवतात, त्यामुळे हा आकडा थोडा कमीच येतो, पण माल कोणत्या जातीचा आहे ते कळतं.

माझं मत विचाराल तर नव्या घराच्या स्लॅब-कॉलममध्ये ही खडी अजिबात घालू नका. मानक चालवतं हे खरं, पण ते चाचण्या करून, प्रमाण बसवून. गावात मिक्सरवर घमेल्याने मोजून काम चालतं, तिथे २० टक्के कोण पाळणार? पीसीसी, प्लिंथमधली भर, अंगणाखालचं सोलिंग, शोषखड्डा, शेतरस्ता. एवढ्यात तुमचा मलबा संपेल.

तापीकाठ

धन्यवाद अभियंता साहेब. एक शंका. हजार फुटांच्या स्लॅबमधून साधारण किती माल निघेल? पाडणारा "पंधरा ट्रॉल्या, वीस ट्रॉल्या" असं हवेत बोलतोय.

भुसावळी अभियंता

स्लॅब पाच इंची धरला तर हजार चौरस फुटांत ४१७ घनफूट, म्हणजे चार ब्रासच्या थोडं वर भरीव काँक्रीट. घनमीटरमध्ये ११.८. काँक्रीट घनमीटरला २४०० किलो, म्हणून साधारण २८ टन फक्त स्लॅबचे. बीम, कॉलम, फूटिंग धरून ४० टनांपर्यंत जाईल. फोडल्यावर ते फुगतं, दीडपट धरा. म्हणजे सैल खडी आठ-नऊ ब्रास. विटा-माती वेगळी. ट्रॉल्यांवर बोलू नका, ब्रासवर बोला.

माहेर चोपडा

दादा, सगळे काँक्रीटबद्दल बोलतायत, धाब्याच्या मातीचं कोणीच विचारलं नाही. ती माती काँक्रीटच्या ढिगात जाऊ देऊ नका, हात जोडून सांगते. आमच्या माहेरी धाबं पाडलं तेव्हा आजी ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती, एक घमेलं इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. जुन्या भिंतींची, धाब्याची माती वर्षानुवर्षं धूर, राख, शेण, गोठ्याचं मूत पिऊन असते. ती शेतात गेली की पिकाला खतासारखी लागू पडते हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. गावठाणाची पांढरी माती बैलगाडीने शेतात नेऊन टाकायची पद्धतच होती. सिमेंटचा चुरा मिसळला की तीच माती बिनकामाची.

आणि कडीपाट विकायच्या आधी घरातल्या बायकांना विचारा. आमच्याकडे तुळईचा झोपाळा झाला.

केळीबाग

@तापीकाठ, शेतरस्त्याचं मी सांगतो, कारण रावेर-यावल पट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. पावसाळ्यात ट्रक बांधावर येत नाही. कापलेले घड डोक्यावरून नाहीतर ट्रॅक्टरने डांबरीपर्यंत न्यायचे, त्यात मालाला डाग पडतो आणि व्यापारी तेवढा भाव पाडतो. त्यामुळे फुकटचा मलबा दिसला की प्रत्येकाला वाटतं टाकून द्या रस्त्यात.

आमच्या शिवारात एकाने तसंच केलं. स्लॅबचे दोन-दोन फुटांचे तुकडे थेट काळ्या मातीवर टाकले. पहिल्या पावसात सगळे तिरके होऊन बुडाले. वर आलेल्या सळईने ट्रॅक्टरचा टायर फाडला, ती सळई अजून तशीच आहे. काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. तिच्यावर दगड ठेवला तर ती गिळते. आधी वरची काळी माती पाऊण-एक फूट काढून शेतात टाका. मग मुरमाचा अर्धा फूट थर, पाणी मारून रोलर. त्यावर फोडलेलं काँक्रीट, मुठीएवढं, फार तर दोन मुठी, अर्धा फूट. सांधे काँक्रीटच्याच चुऱ्याने भरा, पाणी मारा, पुन्हा रोलर. रस्ता मधे उंच, कडेला उतरता. दोन्ही बाजूंना चारी हवीच, नाहीतर बाकी सगळं केलेलं वाया.

१०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड म्हणजे ४५ घनमीटर, १६ ब्रास, तेही दाबलेले. सैल २० ब्रास लागतील. तुमच्या आठ-नऊ ब्रासमध्ये चाळीस-पंचेचाळीस मीटर होईल. सगळ्या शेताला पुरणार नाही, पण जिथे दरवर्षी ट्रक फसतो तेवढा तुकडा नक्की होईल.

अजून एक. विहिरीच्या तोंडाशी, ठिबकच्या टाकीजवळ हा चुरा नको. ताज्या फोडलेल्या काँक्रीटमधून चुन्याचं पाणी पाझरतं. आपलं पाणी आधीच जड, लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) तोंडाशी पांढरं साचतंच, त्यात भर कशाला?

पोकलेनवाला

@केळीबाग, सळईचं एकदम बरोबर बोललात. आणि दादा, ट्रॅक्टर शेताकडे निघाला की वाटेत कोणीतरी अडवतोच, "मुरूम चोरून नेताय काय" म्हणून. ग्रामपंचायतीचं साधं पत्र खिशात ठेवा, पाडलेल्या घराचा मलबा आहे म्हणून. वाद वाढत नाही.

नगरपरिषद निवृत्त

बांधकाम विभागात उमेदीची वर्षं गेली, म्हणून नियमांचं थोडं.

बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे केंद्राचे स्वतंत्र नियम २०१६ साली आले. एका दिवसात २० टनांपेक्षा जास्त किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टनांपेक्षा जास्त मलबा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लास्टिक, विटा-मसाला वेगवेगळं करून आधी आराखडा मंजूर करून घ्यायचा, असं त्यात होतं. तुमचं घर महिन्याच्या मर्यादेत बसेलही, पण नाल्यात टाकायची मुभा त्यातून कोणालाच मिळत नाही. त्याच नियमांत सरकारी आणि पालिकेच्या कामांत १० ते २० टक्के माल या कचऱ्यापासून बनवलेला घ्यावा असंही लिहिलं होतं. आमच्याकडे निविदा निघायच्या, त्यात ते कलम कधी दिसलं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: असा माल बनवतो कोण? आणि बनवणारा म्हणायचा, घेणारं कोण? दोघंही खरं बोलत होते. २०२५ मध्ये नवे नियम आले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर बांधणाऱ्याची जबाबदारी टाकली आहे. जळगाव-धुळ्यात असे प्रकल्प किती निघणार? आपल्याकडचा खरा मलबा तुमच्यासारख्या हजार फुटी घरांचा, जुन्या शाळाखोल्यांचा, पाण्याच्या टाक्यांचा आणि रस्ता रुंदीकरणात गेलेल्या दुकानांचा.

देशातला पहिला प्रक्रिया प्रकल्प दिल्लीत बुराडीला २००९ मध्ये सुरू झाला. पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे), कर्बस्टोन, विटा असा माल तिथे तयार होतो. पुण्याकडे, मुंबईकडेही आता प्रकल्प आहेत. पण असा प्लांट चालायला रोज शेकडो टन मलबा लागतो. एका नगरपरिषदेच्या जिवावर तो चालणार नाही. जिल्ह्यात एक चुंबकवाला फिरता क्रशर घ्यावा आणि तो महिन्याला एकेका गावी न्यावा, असं मी तेव्हा टिपणीत लिहिलं होतं. टिपणी फाइलला लागली, फाइल कपाटाला.

अमळनेरकर पुण्यात

चर्चा छान चाललीय, थोडं पाणी ओततो. "टिकाऊ", "हरित" वगैरे शब्द या विषयात फार स्वस्त झालेत. काँक्रीटचं खरं प्रदूषण सिमेंटमध्ये आहे. चुनखडी साधारण १४५० अंशांना भाजतात, तेव्हा इंधनाचा धूर निघतो तो वेगळाच, खुद्द दगडातून कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळा. एका घनमीटर एम-२० मध्ये ३०० किलोंच्या आसपास सिमेंट, म्हणजे दोनशे-अडीचशे किलो कार्बन डायऑक्साइड. त्याच घनमीटरमधली सगळी खडी-वाळू फोडून चाळायचा हिशेब याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. जुनी खडी वापरलीत आणि ताकद भरून काढायला कंत्राटदाराने अर्धी गोणी सिमेंट जास्त टाकलं, की तुम्ही जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट हवेत सोडलं. वर मलबा साठ किलोमीटरवरच्या प्लांटला ट्रकने नेलात तर बोलायलाच नको.

नोएडाचे जुळे टॉवर ऑगस्ट २०२२ मध्ये पाडले, सुमारे ८० हजार टन मलबा. तिथे शहरात प्लांट होता, ढीग एका जागी होता, सगळ्या देशाचे कॅमेरे होते. रावेरच्या घराला यातलं काहीच नाही.

भुसावळी अभियंता

"जुनी खडी वापरलीत आणि ... अर्धी गोणी सिमेंट जास्त टाकलं"

हे शंभर टक्के मान्य, आणि म्हणूनच मी आरसीसीत नको म्हणालो. पण मग फायदा फक्त कार्बनच्या तराजूत का मोजायचा? खान्देशात खडीसाठी टेकड्या पोखरल्या जातायत, गिरणेत वाळू उरलेली नाही, आणि दुसऱ्या टोकाला नाले मलब्याने बुजतायत. पांझरेला ऑगस्ट २०१९ मध्ये पूर आला तेव्हा धुळ्यात पाणी कुठवर चढलं ते आठवा. पात्रात टाकलेला प्रत्येक ढीग पाण्याची जागा खातो. शेतरस्त्यात आठ ब्रास काँक्रीट गेलं तर आठ ब्रास दगड डोंगरात राहतो आणि आठ ब्रास मलबा नाल्याबाहेर राहतो. सिमेंटची गोणी इथे लागतच नाही. रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १२१ ही २०१७ ची मार्गदर्शिका आहे, पाडकामाच्या मालावरच.

दीपनगर फाटा

सिमेंट कमी करायचं असेल तर राख आहे की आपल्या दारात. औष्णिक केंद्राची राख विटांना जाते, पेव्हरलाही जाते. जुन्या काँक्रीटची खडी आणि राख मिळून पेव्हर होत नाहीत का?

(राखेची धूळ आमच्या वाळणाऱ्या कपड्यांवर बसते ती गोष्ट वेगळी, त्याचा वेगळा धागा काढेन म्हणतो.)

भुसावळी अभियंता

होतात. यांत्रिक दाबाने केलेल्या पेव्हरमध्ये खालच्या थरात जुनी खडी आणि वर ताज्या खडीचा पातळ थर, असं करतात. घासलं जाणारं अंग वरचं, म्हणून तिथे चांगला माल. राखेने सिमेंट काही प्रमाणात कमी होतं, पण राखेचं काँक्रीट ताकद सावकाश धरतं. त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. मे महिन्यात भुसावळला ४५ अंशांत पेव्हर उघड्यावर वाळत टाकणारे बघितलेत ना? सात दिवसांत गाडीत भरतात, आणि मग वर्षभरात कोपरे झडले की "राखेचा माल खराब" म्हणून बोंब. राखेचा काय दोष?

भिजवलेल्या जुन्या खडीचा इथे थोडा फायदाच होतो, ती आत पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. पण त्या भरवशावर वरून पाणी मारणं बंद करू नये.

अमळनेरकर पुण्यात

सिमेंट परत मिळवायचा मात्र एक भन्नाट मार्ग निघालाय. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये "नेचर"मध्ये मांडला. भंगारातून पोलाद करताना विद्युत चाप भट्टीत चुन्याचा फ्लक्स (पोलादातली घाण ओढून घेणारा माल) घालतात. त्याऐवजी जुन्या काँक्रीटमधून वेगळी केलेली सिमेंटची भुकटी घातली. वर जी मळी येते ती झटपट थंड करून दळली की पुन्हा सिमेंट. चुनखडी नव्याने भाजायची गरज नाही, त्यामुळे दगडातला कार्बन डायऑक्साइड सुटत नाही.

म्हणजे पोकलेनवाल्या भाऊंचं लोखंड जालन्याला जातं, त्याच्या मागोमाग मसालाही जाऊ शकेल एखाद दिवशी.

पोकलेनवाला

भाऊ, जालन्याला मी माल पोचवलाय. तिथे बहुतेक इंडक्शनच्या भट्ट्या. भंगाराला माती चिकटलेली असली तरी वजनात काट मारतात, आणि तुम्ही वरून सिमेंट घाला म्हणताय. मला गेटमधून आत तरी सोडतील का?

अमळनेरकर पुण्यात

😄 बरोबर, हे चाप भट्टीचं काम आहे, इंडक्शनमध्ये जमणारं नाही. आणि खडीपासून मसाला स्वच्छ वेगळा करणं हेच अजून महाग आहे. दहा वर्षांनी बोलू.

केळीबाग

एक महत्त्वाचं राहिलं. @तापीकाठ, घराला किंवा गोठ्याला सिमेंटचे पत्रे आहेत का? जुने, राखाडी, नागमोडी?

तापीकाठ

आहेत, गोठ्यावर. बरेच फुटलेलेही आहेत. ते पण फोडून रस्त्यात घालणार होतो.

नगरपरिषद निवृत्त

मुळीच नको! त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. फोडला, क्रशरमध्ये घातला किंवा रोलरखाली चिरडला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, छातीत जाऊन बसतात आणि त्यांचा आजार वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. पत्रे पाण्याने ओले करा, हुकचे नट सोडवून अख्खे उतरवा, फेकू नका. तुटके तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधून वेगळे ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात चौकशी केलीत तर पत्ता मिळेल. काँक्रीटच्या ढिगात एकही तुकडा नको.

भुसावळी अभियंता

+१. आणि काँक्रीट फोडतानाही पाणी मारा. ती धूळही साधी नसते, वाळू-दगडातली सिलिका तिच्यात असते. घण मारणारी पोरं तोंडाला रुमाल बांधतात, त्याने काही अडत नाही. चांगले मास्क तुम्ही स्वतः आणून द्या, ठेकेदारावर सोडू नका. पीओपीचं छत असेल तर त्याचा तुकडाही खडीत नको, जिप्समच्या सल्फेटने नवं काँक्रीट फुगून फुटतं. गोठ्याच्या लोणा लागलेल्या विटांचंही तेच, क्षार असतात.

वेळ असेल तर एक गंमत करून बघा. कॉलमचा तुकडा तुटला की ताज्या अंगावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण शिंपडा, कॉलेजच्या लॅबमध्ये मिळेल. आतला भाग क्षणात गडद गुलाबी होतो आणि बाहेरची दोन-तीन बोटं जशीच्या तशी राखाडी राहतात. तिथवर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून काँक्रीटचा क्षारपणा गेलेला असतो. सळई त्या राखाडी पट्ट्यात आली की गंजायला लागते. तुमच्या स्लॅबचं नेमकं हेच झालंय. भावाला दाखवा.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. पाडणाऱ्याशी पुन्हा बसलो. भिंती, धाबं आणि सांगाडा वेगवेगळा उतरवायला तयार झालाय, पण लोखंडाचा भाव किलोमागे कमी देणार. स्ट्रक्चरलवाले एक जण रविवारी येऊन भिंती बघून जातायत. माती शेतात (चोपड्याच्या ताई, आईने तुमचा प्रतिसाद मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला). पत्रे ओले करून अख्खे उतरवणार. काँक्रीटपैकी दोन ब्रास नव्या घराच्या पीसीसीला, बाकी शेताच्या तोंडाशी जो तुकडा दरवर्षी फसतो तिथे.

भावाचा ताजा प्रश्न: सांगाडा पाडायला ब्रेकरवालं पोकलेन लावायचं की घणानेच? ब्रेकरने तुकडे मोठे पडतात असं म्हणतो.

पोकलेनवाला

कॉलम आणि फूटिंगला ब्रेकर, स्लॅबला घण. ब्रेकरने स्लॅब एकदम खाली आला तर सळ्यांचं जाळं तुकड्यांत अडकून बसतं, मग सोडवायला दुप्पट वेळ. मुठीएवढे तुकडे हवेत तर पोरांना आधीच सांगा आणि त्यांची मजुरी ब्रासवर ठरवा. रोजावर ठेवलंत तर ढेकळंच मिळतील. आणि मशीन तुळशीच्या लग्नाच्या आत सांगून ठेवा. पुढे सगळ्यांचीच बांधकामं निघतात, मग माझा फोन लागत नाही.

शेवभाजी

आनि भरीतनं काय ठरनं?